जुना ट्रॅक्टर : ओळख, पारख आणि खरेदी



या सदरात आपण नेहमी बेणे, खोडवा, ठिबक आणि खतांच्या मात्रा यांविषयी बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. अलीकडे आपल्या सिन्नर भागात जुन्या ट्रॅक्टरची चौकशी करीत फिरणारी माणसे दिसू लागली आहेत. त्यांत दोन प्रकार आहेत. एक भंगारवाला, तो वजनावर घेतो. दुसरा हौशी माणूस. त्याला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर पुन्हा चालता करून दारात उभा करायचा असतो. पोळ्याला बैलांबरोबर मिरवायचा असतो, नाहीतर आजोबांच्या हाताखाली चालला तसाच ट्रॅक्टर नातवंडांना दाखवायचा असतो. आपल्या सभासदांतही अशी हौस असलेली मंडळी आहेत, आणि ती वाईट नाही. परंतु हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो तेव्हा मोल करणारा समोर उभा असतो, हे विसरून चालत नाही.

दुसऱ्या बाजूला, आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यामागे किंवा बांधावरच्या चिंचेखाली असा एखादा ट्रॅक्टर गंजत पडला आहे. त्याचे नाव-गाव माहीत नसताना तो किलोवर जातो. म्हणजे घेणारा फसू शकतो आणि देणाराही फसू शकतो. दोघांना वाचवणारी गोष्ट एकच : ट्रॅक्टरची ओळख पटल्याशिवाय किमतीचा शब्द काढायचा नाही. ती ओळख कशी पटवावी, तेवढेच या लेखात पाहू.

१. हे ट्रॅक्टर आले कोठून?

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होत नव्हता. केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने त्या काळी काँस गवताने व्यापलेल्या पडीक जमिनी मोठ्या यंत्रांनी नांगरून काढल्या. अशा यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्जही काढण्यात आले होते. शेतकऱ्याच्या दारात मात्र आले ते लहान ट्रॅक्टर : इंग्लंडहून फर्ग्युसन, फोर्डसन आणि इंटरनॅशनल, चेकोस्लोव्हाकियातून झेटर, पोलंडहून उर्सस, रशियातून डीटी आणि बेलारूस.

देशी उत्पादनाला १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरने सुरुवात केली. मद्रासची टॅफे कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिने मॅसी फर्ग्युसन आणला. मुंबईत कांदिवली येथे १९६५ पासून इंटरनॅशनल बी-२७५ बाहेर पडू लागला. तोच आपला पुढचा महिंद्रा. १९७१ साली पिंजोरला एचएमटीने झेटर २५११ काढला, आणि फरिदाबादला एस्कॉर्ट्‌सचा फोर्ड ३००० सुरू झाला तोही त्याच सुमारास. १९७४ साली पंजाबचा स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी केला होता.

आणि १९७४ सालीच आपल्या नाशिकला किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला घेतला. पुढे ते उत्पादन बंद पडले. आजच्या तरुण सभासदांपैकी अनेकांना नाशिक जिल्ह्यात ट्रॅक्टर बनत होता हेच ठाऊक नसते. सबब आपल्या भागात हौसेने जपावा असा पहिला ट्रॅक्टर कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर घराजवळच आहे.

मागणी जास्त आणि ट्रॅक्टर कमी अशी त्या काळची स्थिती होती. १९७१ साली केंद्र सरकारने ट्रॅक्टरच्या वाटप-विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेश काढला होता, यावरून टंचाईची कल्पना यावी. त्यामुळे एकदा मिळालेला ट्रॅक्टर लोकांनी मोडेपर्यंत वापरला. एकाचे इंजिन दुसऱ्याला, दुसऱ्याची पुढची धुरी तिसऱ्याला अशी जोडाजोड करीत ते चालू ठेवले. त्यात लबाडी नव्हती, नड होती. पण आज ओळख पटवताना घोटाळा होतो तो याच जोडाजोडीमुळे.

२. तीन साक्षीदार

कोर्टात जशी साक्ष जुळावी लागते तशी ट्रॅक्टरची तीन ठिकाणची साक्ष जुळवून बघावी.

पहिला साक्षीदार पाटी. कारखान्याने रिव्हेट मारून बसवलेली पितळी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी. तिच्यावर मॉडेलची अक्षरे आणि अनुक्रमांक असतो. ती कुठे असते हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. लहान फर्ग्युसनची पाटी डॅशबोर्डवर असते. १९५२ नंतरच्या फोर्डसन मेजरचा नंबर फ्लायव्हीलच्या घरावर, सेल्फच्या बाजूला धातूतच ठोकलेला सापडतो.

दुसरा साक्षीदार ओतीव काम. ब्लॉक, गिअरबॉक्स, मागचे घर हे भाग ओतताना त्यांवर उठावाचे आकडे येतात. येथे एक फरक नीट समजून घ्यावा. उठून आलेला मोठा आकडा हा बहुधा त्या भागाचा साचा क्रमांक असतो. तसल्या हजारो भागांवर तोच आकडा असतो. ठोकून खोल पाडलेला आकडा हा त्या एका यंत्राचा क्रमांक. विकणारा पुष्कळदा साचा क्रमांकच चेसीस नंबर म्हणून दाखवतो. तो मुद्दाम करतो असे नाही, त्यालाही ठाऊक नसते.

काही कंपन्या ओतकामावर तारखेची खूणही टाकीत. १९६५ नंतरच्या फोर्डवर ती आकडा, अक्षर, आकडा अशी असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, मधले इंग्रजी अक्षर महिना आणि शेवटी दिवस. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, अशा क्रमाने जायचे. आय हे अक्षर एकच्या आकड्यासारखे दिसते म्हणून ते वगळलेले आहे, त्यामुळे डिसेंबर हा एम वर येतो. '८ सी १५' असे दिसले तर १५ मार्च १९६८. भाग आधी ओतला जातो आणि ट्रॅक्टर नंतर जोडला जातो. म्हणून ओतकामाची तारीख जोडणीच्या थोडी आधीची असणे ठीक. ती आर.सी. वरच्या सालानंतरची निघाली, तर तो भाग मागाहून बसवलेला आहे हे शंभर टक्के समजावे.

तिसरा साक्षीदार कागद, म्हणजे आर.सी. बुक. त्यातला चेसीस नंबर आणि इंजिन नंबर यंत्रावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघावा. नुसते वाचून भागत नाही. नंबर रॉकेलच्या फडक्याने हळू पुसून त्यावर कागद धरावा आणि शिसपेन्सिल आडवी घासून छाप घ्यावा. छापात खाडाखोड डोळ्यांपेक्षा स्पष्ट दिसते.

तिघांची साक्ष जुळली तर ट्रॅक्टर अस्सल. पाटी आणि कागद जुळले पण इंजिन वेगळे, तर तो मिश्र ट्रॅक्टर. तोही घ्यायला हरकत नाही, परंतु मिश्राच्या भावाने. पाटी-कागदच जुळत नसतील तर हात जोडून घरी यावे.

नंबरात गडबड केल्याच्या खुणा पुढीलप्रमाणे : आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, एक आकडा खोल तर दुसरा उथळ, ओळ वाकडी, जुन्या यंत्रावर तेवढ्याच जागी ताजा रंग, आणि पाटीला रिव्हेटऐवजी नवे स्क्रू. यातली एक खूण दिसली तर विचारावे, दोन दिसल्या तर सौदा सोडावा.

३. कंपनीवार खुणा

लहान फर्ग्युसन (टीई-२०). इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत हे ५ लाख १७ हजारांहून अधिक तयार झाले. रंग राखी. पाटीवरच्या तिसऱ्या अक्षरावरून जात कळते : टी.ई.ए. पेट्रोलचा, टी.ई.डी. रॉकेल-तेलावर चालणारा, टी.ई.एफ. डिझेलचा. आज आपण जिला सहज 'हायड्रोलिक' म्हणतो ती तीन सांध्यांची लिफ्ट जगभर नेली ती याच ट्रॅक्टरने, म्हणून हौशी लोकांत याला मान आहे. मूळ पुढची चाके उंच आणि अरुंद, ४.००-१९ मापाची. त्याजागी रुंद ६.००-१६ चाके दिसली तर ती मागाहूनची समजावी.

मॅसी फर्ग्युसन ३५. लाल पत्रा, राखी इंजिन. यात आधी चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. ते थंडीत सुरू व्हायला कुरकुर करी, अशी त्याची ख्याती आहे. नंतर पर्किन्सचे तीन सिलिंडरचे आले आणि ते नावाजले. पाटीवर एस.डी.एम. असेल तर चार सिलिंडर, एस.एन.एम. असेल तर तीन. बोनेट उघडून सिलिंडरच्या नळ्या मोजा, पाटीशी ताडा, पाच मिनिटांचे काम आहे. आता समजा, साल १९६२ चे सांगितले आणि इंजिनावर मद्रासच्या सिम्पसनचे नाव निघाले. मग इंजिन आपल्या देशात बदलले आहे. चालवायला उत्तम, सुटे भागही मिळतात, पण 'विलायती अस्सल' हा भाव त्याला देऊ नये.

इंटरनॅशनल बी-२७५. लाल रंग, चार सिलिंडर, आठ पुढचे व दोन मागचे गिअर, सुरू करताना हीटर तापवावा लागतो. इंग्लंडचा आणि कांदिवलीचा दिसायला भाऊ-भाऊ. फरक पाटीवरच्या कारखान्याच्या नावात पाहावा. नवशिक्या हौशी माणसाने सुरुवात याच्यापासून करावी असे माझे मत आहे, कारण याचे काम हाताखालून गेलेले मिस्त्री आपल्याकडे अजून भेटतात.

फोर्डसन मेजर व डेक्स्टा. निळा पत्रा, नारिंगी चाके. मेजर अंगाने मोठा आणि चार सिलिंडरचा. डेक्स्टा लहान, तीन सिलिंडरचा, १९५७ ते १९६४ मधला.

झेटर व एचएमटी. २५११ दोन सिलिंडरचा, ३५११ तीन सिलिंडरचा. येथे आट्यांचा एक मुद्दा ध्यानात ठेवावा. झेटर, रशियन आणि डॉइट्झ यांचे नट-बोल्ट मिलिमीटरचे, जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांचे इंची. पूर्वी कोणी इंची भोकात मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवला असेल तर आटे गेलेले असतात. दोन-चार बोल्ट हाताने फिरवून बघितले की मागच्या मिस्त्रीची जात कळते.

आयशर. जुना आयशर एक सिलिंडरचा, हवेने थंड होणारा. रेडिएटर नाही. आवाजावरून लांबून ओळखता येतो.

किर्लोस्कर-डॉइट्झ. हाही हवेने थंड होणारा. याचा पंखा आणि सिलिंडरवरच्या पाकळ्या यांत पाचट, भुसा आणि तेल यांची पेंड साचते. ती साचली की इंजिन आतून भाजते. बाजूचे पत्रे काढून पाकळ्या पाहिल्याशिवाय हा घेऊ नये. पंख्याचा पट्टा तुटला तर लगेच बंद करावा लागतो, हेही लक्षात असावे. उत्पादन थोडी वर्षेच झाल्याने पत्रा, पाटी, मीटर हे भाग दुर्मिळ. यंत्र बिघडलेले चालेल, पण हे भाग जागेवर असावेत.

रशियन. डीटी-२० एक सिलिंडरचा, बेलारूस मोठा व चार सिलिंडरचा. पाटी रशियन लिपीत असते. ती वाचता येत नाही म्हणून काढून फेकलेली पुष्कळदा आढळते. पाटी शाबूत असलेला डीटी मिळाला तर तो जपण्यासारखा.

मूळ मापे, वजन, ताकद यांची शंका आली तर मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेचे चाचणी अहवाल असतात. देशात विकलेल्या कित्येक मॉडेलांची तेथे चाचणी झाली आहे.

४. कागदपत्रे

मंडळी, जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात पैसे बुडतात ते इंजिनात कमी आणि कागदात जास्त.

(अ) आर.सी. कोणाच्या नावावर आहे? विकणारा म्हणतो 'आमच्या वडिलांचा'. वडील वारले असतील तर आधी वारसाने नमुना ३१ भरून ट्रॅक्टर आपल्या नावावर करून घ्यावा, मगच विक्री. भावंडे असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. एकाने परस्पर विकलेला ट्रॅक्टर दुसरा भाऊ परत मागायला आला की घेणारा मधल्या मध्ये अडकतो.

(आ) बोजा आहे काय? बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाची नोंद आर.सी. वर असते. कर्ज फिटून वीस वर्षे झाली तरी नोंद तशीच राहिलेली असते. बँकेचा दाखला आणि नमुना ३५ घेऊन ती आधी उतरवावी. 'नंतर करून देतो' या शब्दावर जाऊ नये.

(इ) नाव बदलणे. नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. परराज्यातला असेल तर तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, नमुना २८, सोबत लागतो. आपले कार्यालय नाशिकचे, एमएच-१५.

(ई) मुदत. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. जुन्या ट्रॅक्टरचे हे काम वर्षानुवर्षे राहिलेले असते. थकीत फी व दंड किती, हे कार्यालयात विचारून किमतीतून वजा करावे. नंबर परिवहन खात्याच्या संगणकावर दिसतो का तेही पाहावे. एमएच मालिका सुरू होण्याआधीचे नंबर काही वेळा चढवलेलेच नसतात.

(उ) २०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यावरून काही दलाल 'व्हिंटेज पासिंग करून देतो' म्हणून पैसे मागतात. ते नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींचे आहेत. ट्रॅक्टर त्यात बसत नाही.

कागद अजिबात नसलेला ट्रॅक्टर कोणी स्वस्तात देऊ लागला तर तो रस्त्यावर आणता येणार नाही, विमा उतरणार नाही, आणि चोरीचा निघाला तर पोलीस आपल्या दारात येतील. तो सुट्या भागांसाठी घ्यायचा असेल तरी विकणाऱ्याच्या ओळखपत्रासह लेखी पावती घ्यावी.

५. यंत्राची पारख

बघायला सकाळी जावे आणि आधी निरोप देऊ नये. गेल्याबरोबर इंजिनावर हात ठेवावा. कोमट लागले तर त्याने आधीच तापवून ठेवले आहे. थंड इंजिन कसे सुरू होते तीच खरी परीक्षा.

धूर पाहावा. सुरुवातीचा पांढरा धूर तापल्यावर जावा. निळा राहिला तर ऑइल जळते, रिंगा-लायनर गेले. काळा असेल तर पंप-नोझलचे काम. ऑइल भरायच्या तोंडातून भकाभका वाफ येत असेल तर इंजिन उघडावे लागणार. ऑइलकाडीवर ताकासारखा फेस किंवा रेडिएटरमध्ये तेलाची तवंग दिसली तर हेड अथवा ब्लॉकमध्ये चीर असू शकते. आपल्याकडे विहिरीचे क्षारी पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने ब्लॉकमध्ये कठीण थर बसतो. रेडिएटरचे तोंड उघडून आत बोट फिरवावे.

ऊस भागातल्या ट्रॅक्टरची एक खास तपासणी आहे. या ट्रॅक्टरांनी आपल्या ताकदीबाहेरच्या ट्रॉल्या ओढलेल्या असतात. म्हणून मागच्या घराखाली आडवे होऊन हुकाची जागा, मागच्या धुरीचे कान आणि क्लचचे घर नीट पाहावे. बिडाला वेल्डिंगचा टाका दिसला तर समजावे की कधीतरी तुटले होते. बीड वेल्डिंगने सहसा पूर्ववत होत नाही. रंगाच्या जाड थराखाली असा टाका लपतो, तिथे नाण्याने खरवडून पाहावे.

बाकीच्या गोष्टी चालवून कळतात. ओझ्याखाली गिअर सुटतो का, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लागतात का, स्टेअरिंग किती मोकळे फिरते. लिफ्टला नांगर लावून उचलावा आणि इंजिन बंद करून बघावे. हळू उतरला तर चालेल, धाडकन आला तर हायड्रोलिकचे काम आहे.

६. किंमत कशी ठरवावी

खालची मर्यादा म्हणजे भंगाराचे मोल आणि वरची म्हणजे चालू करण्याचा खर्च धरून आपल्याला परवडेल ती रक्कम. एक उदाहरण मांडतो. दर समजुतीसाठी घेतले आहेत, त्या वेळचे दर आपण स्वतः काढावेत.

ट्रॅक्टरचे वजन १,५०० किलो, भंगाराचा दर समजा ३० रुपये, म्हणजे ४५,००० रुपये. यापेक्षा कमी देणारा विकणाऱ्याला फसवतो. मालक ८०,००० मागतो. आता खर्च जोडा : चार टायर ६०,०००, पंप-नोझल १५,०००, हेड व लायनर-पिस्टन ४५,०००, बॅटरी-वायरिंग-सेल्फ १५,००० आणि आणण्याचे भाडे ८,०००. हे झाले १,४३,०००. म्हणजे '८० हजारांचा' ट्रॅक्टर दारात चालू उभा राहीपर्यंत २,२३,००० रुपयांना पडला. रंग, सीट आणि मडगार्ड यांचा पत्रा अजून बाकीच आहे. हा आकडा कागदावर लिहून घरात सगळ्यांना दाखवावा, आणि मगच विसार द्यावा.

येथे शेतकी खात्याचा माणूस म्हणून स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिल्या हप्त्याचे ऊसबिल हाती आले की खोडव्याचे खत, लागणीचे बेणे आणि सोसायटीचा हप्ता यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. हौस उरलेल्या पैशातून. आणि 'घेतलाच आहे तर ऊस वाहतुकीलाही लावू' हा विचार मुळीच करू नये. साठ वर्षांच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर भरलेली ट्रॉली उतारावर थांबत नाही.

७. घरी आणल्यावर

बरीच वर्षे बंद असलेला ट्रॅक्टर ओढून सुरू करण्याची घाई करू नये. आधी टाकीतील जुने डिझेल काढून टाकी धुवावी, फिल्टर नवे घालावेत, ऑइल बदलावे. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी हाताने फिरवावे. मोकळा फिरला की नोझल बसवून डिझेल लाइनची हवा काढावी. पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडाजवळ एक माणूस सपाट फळी घेऊन उभा ठेवावा. पंपाचा रॅक अडकून इंजिन भरकटले तर बंद करण्याचा तोच उपाय उरतो. हाताने तोंड झाकू नये.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मूठ वळवू नये. उलट फटका बसला तर मनगट मोडते. अनेक जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांना बॅटरीची धन बाजू अंगाला जोडलेली असते. आजच्या सवयीने उलट जोडली तर डायनॅमो जळेल. ओढकाम नेहमी खालच्या हुकाला. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे उलटतो. या ट्रॅक्टरांना डोक्यावर संरक्षक चौकट नसते. पी.टी.ओ. वर झाकण नसेल तर बसवून घ्यावे. पोळ्याच्या मिरवणुकीत मडगार्डवर पोरे बसवू नयेत. रस्त्यावर आणायचा तर विमा हवाच.

रंगाची घाई नको. मूळ रंग विटलेला असला तरी त्याची किंमत नव्या चकाकीपेक्षा जास्त धरली जाते. पाटीला पॉलिशपेपर तर लावूच नये, आकडे झिजतात. न मिळणारे बुश, पिन, बोल्ट यांसाठी लांब जायला नको. आपल्या माळेगाव-मुसळगाव औद्योगिक वसाहतींत लेथ आहेत. जुना भाग नमुना म्हणून घेऊन जावा, आणि काम झाल्यावर तो परत आणून डब्यात ठेवावा.

८. घरचाच जुना ट्रॅक्टर असेल तर

नायगाव खोऱ्यापासून वडांगळी-सोमठाण्यापर्यंत कुठे ना कुठे असा ट्रॅक्टर उभा असेलच. त्याच्या मालकास विनंती अशी की, गिऱ्हाईक आले म्हणून लगेच भाव सांगू नका. आधी पाटी पुसा, नंबरचा छाप घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा. जुने आर.सी. बुक, खरेदीची पावती, माहितीपुस्तक, हत्यारांची पेटी घरात शोधा. ट्रंकेत, देवळीत, माळ्यावर, कुठेही असतील. वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बसवून विचारा : कोणत्या साली आणला, कोणाकडून, इंजिन कधी उघडले, काय बदलले? ते सालवार लिहून ठेवा. ज्या ट्रॅक्टरमागे असा लिखित इतिहास आहे तो ढिगाऱ्यातून वेगळा निघतो. विकला नाही तरी त्याच्यावर छप्पर घाला, सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला आणि इंजिन अधूनमधून हाताने फिरवा. पाणी आत गेले की एका पावसाळ्यात ते धरते.

सौद्याआधी एवढे प्रश्न स्वतःला विचारावेत : पाटी, ओतीव आणि आर.सी. जुळतात का? नाव विकणाऱ्याचेच आहे का? बोजा उतरला का? थंड सुरू झाला का? बिडाला वेल्डिंग आहे का? चालू होईपर्यंतचा एकूण खर्च काढला का? घरात विचारले का? सातही उत्तरे समाधानाची असतील तर खुशाल घ्यावा.

नंबर वाचता येत नसेल किंवा मॉडेलविषयी शंका असेल तर छाप आणि फोटो घेऊन शेतकी ऑफिसात या. त्याला फी नाही. येताना खोडव्याच्या नोंदीचा राहिलेला कागदही घेऊन यावा, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामे होतील.

— ऊस विकास अधिकारी